‘जुना सिनेमा आहे, मुलांना चालतो!’ नाही चालत

गेल्या पावसाळ्यात लवासाला मुक्काम होता. रात्री ‘रोबोकॉप’ लावला. १९८७चा हा गाजलेला सिनेमा मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच पाहत होतो. शेजारी सात वर्षांचा भाचा. “याला झोपव,” मी म्हणालो. बहीण म्हणाली, “अरे दादा, जुना तर आहे!”

अर्ध्या तासातच गुंड एका पोलिसाचा हात बंदुकीने उडवतात. टीव्ही बंद केला, पण उशीर झाला होता. रात्री दोनला भाचा किंचाळत उठला.

सिनेमा उत्तमच आहे. शहर कंपनीच्या ताब्यात गेलं तर काय होतं, हे लवासात बसून पाहताना जास्तच टोचतं. पण तो मोठ्यांसाठी आहे. अमेरिकेतही काटछाट केल्यावरच त्याला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं. पुढच्याच वर्षी त्याच नायकाचं कार्टून आलं आणि तो मुलांचा झाला!

लहान मुलाला “ते खोटं असतं” सांगून भागत नाही. भीतीने ॲड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, झोप उडते. अशा वेळी रागावू नका, हसू नका, झोपेचं औषध तर मुळीच देऊ नका. जवळ घ्या, मंद दिवा ठेवा, सकाळी त्याला बोलू द्या. आठवड्यानंतरही झोप मोडत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

औषधाची तारीख बघता ना? मग ७+, १३+, १६+ आणि ‘ए’ हेही वाचा. सिनेमा जुना झाला म्हणून सौम्य होत नाही.