कॅमेरा कुणाच्या हातात?



गेल्या महिन्यातली गोष्ट. प्रार्थना संपली, मी हजेरीची वही उघडली, तोच चौथीतली एक मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन टेबलापाशी आली. तिचं नाव नाही हं सांगत, नाहीतर ती आठवडाभर माझ्याशी बोलायची नाही!

"बाई, आम्हांला बहीण झाली!"

मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मुलगी झाली की बर्फी वाटतात." ती गर्रकन वळली. "आमची आई म्हणाली, पेढेच वाटायचे!" झालं, वाद मिटला. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

मधल्या सुट्टीत ती पुन्हा आली. चेहऱ्यावर मोठ्ठा प्रश्न. तिचे बाबा पुण्याला कंपनीत आहेत, पंधरा दिवसांनी घरी येतात. बाळाचे फोटो काढायला कॅमेरा घ्यायचा म्हणून त्यांनी बोनसचे पैसे बाजूला ठेवले होते. मामा म्हणे, लांब नळीचा मोठा कॅमेरा घ्या. काका म्हणे, नवा फोन घ्या, त्यातच सगळं असतं. आत्या म्हणे, खिशात मावणारा झूमवाला घ्या. आणि आजी म्हणे, "काही नको! लेकराला दृष्ट लागेल."

"बाई, आता तुम्हीच सांगा, कुठला घ्यायचा?"

आता मी काही फोटोग्राफर नाही. पण कॅमेऱ्यानं आमच्या घरात दोन धडे दिलेत. ते आधी सांगते.

१९९४ साली माझ्या धाकट्या भावाचं बारसं झालं. मी सहा वर्षांची होते. बाबांकडे रोलचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे बाबा एकेक फोटो मोजूनमापून काढायचे. बारशाला त्यांनी अख्खा रोल संपवला. पाळणा, कुंची घातलेलं बाळ, नाव ठेवताना कुर्र करणारी आत्या, सगळं टिपलं. आठ दिवसांनी रोल धुऊन आला, तो कोरा! रोलचं टोक कॅमेऱ्यातल्या चक्रीत नीट अडकलंच नव्हतं. वर आकडा पुढं सरकत होता आणि आत फिल्म जागच्या जागी बसून होती. पुन्हा कुठं बारसं करणार?

दुसरा धडा मला खूप उशिरा कळला. बाबा आता नाहीत. त्यांच्यामागं आम्ही घरातले सगळे अल्बम चाळले. सहली आहेत, वाढदिवस आहेत, भावाचं जावळ आहे. बाबा कुठंच नाहीत! कसे असतील? कॅमेरा तर त्यांच्याच हातात असायचा. एका फोटोत मी आणि भाऊ अंगणात उभे आहोत आणि आमच्या पायांपर्यंत एक लांब सावली आली आहे. ऊन पाठीवर घेऊन फोटो काढायचा, असा तेव्हाचा नियम होता ना? ती सावली बाबांची. आमच्या लहानपणातले बाबा आमच्याकडे तेवढेच आहेत.

म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, "कुठला कॅमेरा, हा प्रश्न शेवटी. त्याआधी तीन प्रश्न. कॅमेरा कोण धरणार? घरात उजेड किती? आणि फोटो राहणार कुठं?"

पहिला प्रश्न बघू या. बाळाचं पहिलं हसू काही सांगून येत नाही. कॅमेरा कपाटात, कुलपात, त्याची बॅटरी उतरलेली, असं असेल तर तो कितीही भारी असून उपयोग काय? हाताशी असलेला साधा कॅमेरा बरा.

फोनमधल्या कॅमेऱ्याची जन्मकथासुद्धा एका बाळाशीच जोडलेली आहे, बरं का! ११ जून १९९७ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथं फिलिप कान नावाचे एक तंत्रज्ञ आपल्या बाळाच्या जन्माची वाट बघत दवाखान्यात बसले होते. त्यांच्यापाशी एक डिजिटल कॅमेरा, एक मोबाइल आणि एक लॅपटॉप होता. त्यांनी तिन्ही एकमेकांना जोडले आणि लेक जन्मल्यावर तिचा फोटो तिथूनच सुमारे २,००० ओळखीच्यांना पाठवला. मोबाइलवरून लगोलग पाठवलेला पहिला फोटो म्हणून तोच सांगितला जातो.

आणि मुलांनी फोटो काढायचे नसतात, असं कुणी म्हटलं तर त्यांना सांगा, १९०० साली कोडॅक कंपनीनं 'ब्राउनी' नावाचा एक डॉलरचा कॅमेरा काढला, तो मुख्यतः मुलांसाठीच!

आता दुसरा प्रश्न, उजेडाचा. तान्हं बाळ बहुतेक वेळ घरात असतं. खोली अंधारी, दिवा मंद आणि बाळाचे हातपाय सारखे चालू. इथंच फोटो हलतात. का हलतात?

अशी कल्पना करा, की आपल्याला नळाखाली बादली भरायची आहे. नळाची तोटी मोठी असेल तर बादली पटकन भरते. बारीक असेल तर नळ जास्त वेळ सोडावा लागतो. कॅमेऱ्यात पाण्याच्या जागी उजेड असतो. तोटी म्हणजे भिंगातलं छिद्र. नळ जितका वेळ सोडला तो वेळ म्हणजे शटरचा वेळ. खोलीत उजेड कमी असला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाचा पंधरावा भाग म्हणजे आपल्याला काहीच नाही, पण तेवढ्यात बाळाचा हात कुठल्या कुठं जातो आणि फोटोत हाताच्या जागी धूर दिसतो! झोपलेल्या बाळाला सेकंदाचा साठावा भाग चालतो. हातपाय झाडणाऱ्या बाळाला अडीचशेवा भाग तरी हवा.

भिंगावर १.८, ३.५, ५.६ असे आकडे लिहिलेले असतात. आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. उलटं वाटतं ना? पण हा भागाकार आहे. ५० मिलिमीटरचं भिंग घ्या. ५० भागिले १.८ केलं की छिद्राचा व्यास येतो सुमारे २८ मिलिमीटर. ५० भागिले ५.६ केलं की सुमारे ९ मिलिमीटर. दोन्ही वर्तुळं वहीत काढून बघा. पहिल्यातून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. मोठ्या कॅमेऱ्याबरोबर स्वस्तात मिळणारं झूमचं भिंग पुष्कळदा पूर्ण झूमवर ५.६ लाच थांबतं. म्हणजे मामांचा लांब नळीचा कॅमेरा मैदानावर छान चालेल, बाळंतिणीच्या खोलीत मात्र अडखळेल. तिथं झूम नसलेलं, पण १.८ आकड्याचं ३५ किंवा ५० मिलिमीटरचं भिंग कामाला येतं.

आणखी एक गोष्ट. पावसात परात ठेवली आणि शेजारी वाटी ठेवली, तर जास्त पाणी कशात साठेल? परातीत! कॅमेऱ्यात उजेड झेलणारा एक चौकोन असतो, त्याला सेन्सर म्हणतात. फोनमध्ये तो पुष्कळदा करंगळीच्या नखाएवढा किंवा त्याहून लहान असतो. मोठ्या कॅमेऱ्यात तो छोट्या टपाल तिकिटाएवढा असतो, काहींत तर चांगला ३६ बाय २४ मिलिमीटरचा. म्हणून रात्रीच्या फोटोत मोठा कॅमेरा पुढं जातो. नवे फोन अंधारात पटापट अनेक फोटो काढून त्यांचा एक फोटो बनवतात. झोपलेल्या बाळाला ही युक्ती चालते, रांगणाऱ्याला नाही.

मग मेगापिक्सेलचं काय? दुकानात त्याचाच जास्त बोलबाला! चला, गणित करू. आपण नेहमी छापतो तो फोटो ६ बाय ४ इंचांचा. दर इंचाला ३०० ठिपके धरले तर १,८०० गुणिले १,२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके. एक मेगापिक्सेल म्हणजे १० लाख ठिपके. म्हणजे अडीच मेगापिक्सेलसुद्धा खूप झाले! १२ बाय ८ इंचांच्या मोठ्या फोटोलाही नऊ मेगापिक्सेल पुरतात. त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवलं, तर ती मुलगी म्हणाली, "बाई, हे आमच्या बाबांना समजावायला तुम्हीच या." गेले मग मी बारशाला.

आधी आम्ही घरात आहे तो फोन तपासला. आईच्या फोनमधले सगळे फोटो धुरकट. मी फोन उलटा करून बघितला, तर भिंगावर तेलाचं बोट! बाळाला मालीश करता करता फोन उचललेला. मऊ कापडानं पुसला आणि दाराजवळच्या उजेडात फोटो काढला. आजीसुद्धा म्हणाली, "अगं बाई, तीट केवढी स्पष्ट दिसतीय!" आतल्या खोलीत मात्र फोटो हलला. तिथं बारकासा पिवळा दिवा होता.

बाबा म्हणाले, "मग बाई, मोठा कॅमेरा घेऊच का?"

मी विचारलं, "तो इथं राहणार, की तुमच्याबरोबर पुण्याला जाणार?"

ते गप्प झाले. मग बाळाची आई हळूच म्हणाली, "माझा एक हात कायम बाळाखाली असतो. दुसऱ्या हातानं जेवढं उचलेल, तेवढ्यानंच मी फोटो काढणार." ऐकलंत? सगळ्या घरात नेमकं ती बोलली.

शेवटी ठरलं ते असं. कॅमेरा म्हणून सध्या आईचाच फोन. पाळणा खिडकीच्या बाजूला सरकवायचा, ऊन थेट अंगावर येणार नाही इतका. आतल्या खोलीतला दिवा बदलायचा. फोटो साठवायला एक वेगळी डिस्क आणायची. उरलेले पैसे तसेच ठेवायचे. बाळ रांगायला लागलं, घरात कुणाला फोटोंची खरी गोडी लागली, तर तेव्हा १.८ चं भिंग लावलेला छोटा कॅमेरा घ्यायचा, जुना चांगला मिळाला तरी चालेल. मात्र दुकानात गेल्यावर अंधाऱ्या कोपऱ्यात हलत्या माणसाचा फोटो काढून बघायचा आणि कॅमेरा आईच्या हातात देऊन बघायचा.

राहिला तिसरा प्रश्न, फोटो राहणार कुठं? माझ्या भाचीच्या पहिल्या आठ महिन्यांचे फोटो एकाच फोनमध्ये होते आणि तो फोन पाण्याच्या पिंपात पडला. बाबांच्या कोऱ्या रोलसारखीच गत! म्हणून फोटो तीन ठिकाणी ठेवा. एक फोनमध्ये, एक डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे मामाकडे किंवा इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात. शिवाय महिन्याला निदान दहा फोटो कागदावर छापून घ्या. आजीला डिस्क उघडता येत नाही, अल्बम येतो.

आता फोटो काढताना पाळायच्या चार गोष्टी. बाळाच्या तोंडासमोर फ्लॅश उडवू नका, ते दचकतं आणि फोटोही पांढराफटक येतो. फोन पाळण्याच्या बरोबर वर धरू नका, हातातून निसटला तर बाळावर पडेल, बाजूनं काढा. उभं राहून नको, गुडघ्यांवर बसून बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. आणि बाळाचा फोटो कुणालाही पाठवण्याआधी आईबाबांना विचारा. न्हाऊ घालतानाचे फोटो घरातच राहू द्यात. बाळाला अजून 'नको' म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं आपणच जपायचं.

मागच्या सोमवारी ती मुलगी वर्गात एक छापलेला फोटो घेऊन आली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी, बाबा एसटीला निघण्याआधी तिनं काढलेला. बाबांच्या मांडीवर बाळ आहे आणि ते टक लावून बाबांकडे बघतंय. बाबांचं डोकं वरून थोडं कापलं गेलंय. ती हिरमुसून म्हणाली, "बाई, चुकला ना?"

मी म्हटलं, "मुळीच नाही. बाबा आलेत ना फोटोत!"

तर मुलांनो, या आठवड्याचा उद्योग. घरातले अल्बम काढा, फोनमधले फोटो बघा आणि मोजा, कोण सगळ्यांत कमी दिसतं? आई? आजी? की नेहमी फोटो काढणारा दादा? ते म्हणतीलच, "माझा कशाला? बाळाचा काढ." ऐकू नका! भिंग पुसा, उजेडात बसवा आणि त्यांचा बाळासोबत एक फोटो काढा. छापून अल्बममध्ये लावा, शेजारी तारीख आणि नावं लिहा. मग मला पत्रानं कळवा, तुमच्या घरात कोण हरवलं होतं आणि कुणाला शोधून काढलंत.

तुमच्या बाई