तुकडा लहान की अवजार अपुरे?

यंदाच्या भीमजयंतीची स्मरणिका वाचकांच्या हाती देताना आम्ही आपल्या व्यासपीठावर क्वचितच येणाऱ्या विषयाकडे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे शेती. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांत जमीन नव्हती. असलीच तर महार वतनाची, तीही गावकीच्या राबणुकीच्या मोबदल्यात. आज कोणाकडे त्या वतनाचा उरलेला तुकडा आहे, कोणाच्या भावाकडे गायरानातील पट्टा आहे, कोणास दादासाहेब गायकवाडांच्या नावाने चालणाऱ्या सबळीकरण योजनेतून चार एकर कोरडवाहू मिळाली आहे. “दोन एकरांत काय पिकणार? विकून टाका,” हा सल्ला आपल्या बैठकांतून आम्ही वारंवार ऐकतो.

हा सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आयोवातील मका असतो. २०२२ च्या कृषिगणनेनुसार अमेरिकेतील सरासरी शेत ४६३ एकरांचे आहे. भारतात २०१५-१६ च्या गणनेत सरासरी धारणा १.०८ हेक्टर, तर अनुसूचित जातींची ०.७८ हेक्टर, म्हणजे दोन एकरही नाही. तुलना डोळे दिपवणारी आहे खरी. परंतु त्या शेतामागे किती यंत्रे, किती कर्ज आणि किती थोडी माणसे उभी आहेत, हे महामार्गावरून दिसत नाही.

बाबासाहेबांनी नेमक्या याच भ्रमावर १९१८ साली बोट ठेवले होते. भारतातील लहान धारणा व त्यांवरील उपाय हा त्यांचा निबंध त्या वर्षी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कुटुंबाचे पोट भरेल तेवढी जमीन किफायतशीर, ही तेव्हाच्या विद्वानांची व्याख्या त्यांनी अमान्य केली. पोट हे उपभोगाचे माप आहे. शेती हा उत्पादनाचा व्यवसाय आहे. जमिनीच्या जोडीला भांडवल, अवजारे व श्रम कोणत्या प्रमाणात आहेत, यावर तिची किफायत ठरते. आमच्या व्यवसायात नुसते वजन पाहून निदान करणाऱ्यास आम्ही वैद्य म्हणणार नाही. तसेच हे आहे. त्यांचा निष्कर्ष तर आजही चकित करतो: हाती असलेल्या तुटपुंज्या साधनांच्या मानाने आपल्या धारणा लहान नसून मोठ्याच आहेत! भांडवल व अवजारे वाढवा आणि शेतीवर रिकामे बसलेले हात उद्योगधंद्यांकडे वळवा, हा त्यांचा उपाय. (या न्यायाने गाव सोडून आम्ही शेतीवर उपकारच केले, असे म्हणण्याचा मोह होतो.)

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ते याही पुढे गेले. जमीन राज्याच्या मालकीची व शेती सामुदायिक असावी. पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवावे, अशी ती योजना होती. सामुदायिक शेतीचे प्रयोग अनेक देशांत फसले, हे आम्ही जाणतो. तथापि साधनांवरील त्यांचा रोख १९१८ पासून ढळलेला नाही.

आता आमचीच चूक सांगतो. गावी भावांसाठी आम्ही तीनदा पैसे पाठविले. एकाच गट नंबरात तीन भावांच्या तीन बोअर झाल्या आणि एकीने दुसरीचे पाणी ओढले. दोष भावांचा नव्हे. प्रत्येकास वेगळे पैसे आम्हीच दिले होते. इकडे पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर साऱ्या गावाची शेते उरकून आपल्या बांधावर येई, तोवर वाफसा निघून गेलेला असे. त्याच पैशांत तिघांत एक पेरणी यंत्र आले असते, एक सामाईक शेततळे झाले असते. कोरडवाहू हरभऱ्याला फुलोऱ्याच्या वेळी मिळालेले एक पाणी काय करते, हे शेतकऱ्याच्या पोरांना आम्ही सांगावयास नको.

म्हणून संस्थेच्या ग्रामनिधीतील यंदाची रक्कम शेजारीशेजारी जमिनी असलेल्या धारकांच्या सामाईक अवजारांसाठी व पाण्यासाठीच द्यावी, असा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. सभासदांनी सातबाऱ्याची प्रत व शेजारच्या धारकांची लेखी संमती जोडून अर्ज कार्यवाहांकडे पाठवावेत. एकट्याच्या बोअरसाठी अर्ज आल्यास आम्ही त्यास विरोध करू. मग तो आमच्या भावाचा का असेना.