जुना लॅपटॉप भंगारात देण्यापूर्वी



आपल्या बहुतेक घरांत लॅपटॉप येतो तो दुसऱ्याने वापरून झालेला. ऑफिसने मोडीत काढलेला, नातेवाइकाने दिलेला किंवा जुन्या बाजारातून आणलेला. त्यावरच मुले अभ्यास करतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, जातीच्या दाखल्याच्या प्रती जपून ठेवतात. असा लॅपटॉप सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लावू लागला की दुकानदार सांगतो, "मदरबोर्ड गेला, नवा घ्या." मग कर्ज काढण्याची वेळ येते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरी काय तपासावे ते आज पाहू.

आम्हां हिशेबनीसांची एक रीत आहे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी खतावणी फाडून टाकत नाही. फरक कोणत्या पानावर पडला ते आधी शोधतात. लॅपटॉपलाही हीच रीत लावावी.

सर्वप्रथम मुलांची कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हे काम आजच करा.

आता घड्याळ आणि वही घेऊन बसा. सुरू होण्याचे तीन टप्पे असतात. बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत पहिला, चिन्हापासून डेस्कटॉप येईपर्यंत दुसरा आणि डेस्कटॉप आल्यावर काम करता येईपर्यंत तिसरा. प्रत्येकाचा वेळ लिहा.

पहिला टप्पा लांबला तर लावून ठेवलेला पेनड्राइव्ह किंवा सीडी काढा. बायॉसमध्ये हार्डडिस्कचा क्रम पहिला ठेवा. तारीख दरवेळी मागे जात असेल तर आतील ३ व्होल्टचा बटणासारखा सेल संपला आहे. तो स्वस्तात मिळतो.

तिसरा टप्पा लांबला तर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम जास्त झाले आहेत. विंडोज ७ मध्ये 'एमएसकॉन्फिग' आणि विंडोज ८ पासून पुढे 'टास्क मॅनेजर' यांतील 'स्टार्टअप' यादीतून नको ते बंद करा. अँटिव्हायरस मात्र बंद करू नका.

दुसरा टप्पा लांबला तर संशय दोघांवर, कार्ड किंवा हार्डडिस्क. जुन्या लॅपटॉपच्या बाजूला कार्ड घालण्याची खाच असते. त्यात इंटरनेटचे किंवा जादा यूएसबीचे कार्ड बसते. लॅपटॉप बंद करा, चार्जर व बॅटरी काढा, कार्ड बाहेर घ्या आणि पुन्हा वेळ मोजा. वेळ घटला तर चोर सापडला.

आमच्या ओळखीच्या एका मुलीच्या लॅपटॉपमध्ये असेच जुने इंटरनेट कार्ड राहिले होते. त्याची सेवा केव्हाच बंद झालेली, पण त्याचा प्रोग्रॅम दररोज सुरू होऊन सिग्नल शोधत बसे. दुकानात मदरबोर्डचा खर्च सांगितला होता. कार्ड आणि त्याचा प्रोग्रॅम काढला, एक पैसाही लागला नाही.

कार्ड हवे आहे पण चालत नाही, असे असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. पिवळ्या खुणेशेजारी कोड २८ असेल तर ड्रायव्हर घातलेला नाही. कोड १० असेल तर ते उपकरण सुरू होऊ शकत नाही. योग्य ड्रायव्हर पुन्हा घालून पाहा. नवे कार्ड घेताना खाच ओळखा. जुने पीसी कार्ड ५४ मिलिमीटर रुंद असून त्याला ६८ छिद्रे असतात. २००३ साली आलेले एक्स्प्रेसकार्ड ३४ किंवा ५४ मिलिमीटरचे असते, त्याला २६ संपर्कबिंदू असतात. एकाचे कार्ड दुसऱ्याच्या खाचेत चालत नाही. जोर लावल्यास पिना वाकतात आणि नसलेला बिघाड होतो.

कार्ड काढूनही फरक पडला नाही तर 'सेफ मोड'मध्ये सुरू करा. त्यात अगदी गरजेचेच ड्रायव्हर चालतात. तेथे वेग आला तर दोष ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा. तेथेही संथ असेल तर बहुधा हार्डडिस्क थकली आहे. तिच्या जागी एसएसडी बसवल्यास जुना लॅपटॉपही चांगला पळतो. पण आधी जुनी डिस्क साटा जोडणीची आहे की आयडीई, ते पाहून घ्या.

एक गोष्ट विसरू नका, एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. चार बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही. तसेच विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा लॅपटॉपवर अभ्यास जरूर करावा, बँकेचे व्यवहार टाळावेत.

इतके करूनही दुकानात जावे लागले तर वही सोबत न्या. कोणता टप्पा किती मिनिटे घेतो, हे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मदरबोर्डची भीती घालणे सोपे नसते. आणि हे तपासणीचे काम घरातील मुलामुलींना स्वतःच्या हाताने करू द्या.