सैनिक रात्री निजायचे कुठे?

परवा वर्गात लढायांचा धडा चालला होता. तलवारी, तोफा, तह सगळं झालं आणि मागच्या बाकावरची एक मुलगी विचारते, "बाई, पण ते लोक रात्री निजायचे कुठं?" मैत्रिणींनो, सनावळ्यांपेक्षा हा प्रश्न मला मोलाचा वाटला.

मोहिमेवर राहुटी, नाहीतर घोड्याशेजारी उघड्यावर पथारी. पावसाळ्यात मात्र शिवरायांचं लष्कर आपल्या मुलखात छावणीला येई. त्यांच्यासाठी दाणा, औषधं, गवतानं शाकारलेली घरं आधीच तयार हवीत, असं सभासदाच्या बखरीत आहे. दसरा झाला की पुन्हा कूच. लष्करात बायको न्यायची नाही, हा दंडकच! म्हणजे चूल आणि दिवा पुरुषांच्या हाती. (ते कसं चालत असेल, आपण ओळखतोच.)

म्हणूनच की काय, चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी धाडलेलं पत्र एखाद्या जाणत्या सासूबाईंनी लिहावं तसं आहे. भलत्या जागी चुली मांडाल, आगट्या पेटवाल, तंबाखूला विस्तव घ्याल. गवत पडलंय, वारा सुटलाय, ध्यानात ठेवा. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर वात ओढून नेईल! एक खण पेटला की सगळे खण जातील. मग पावसाळ्यात घोडी वाचणार कशी?

सियाचीनवर 1984 पासून आपले जवान आहेत. तिथं बर्फात तंबू नाहीतर फायबरची खोली, झोपायच्या पिशव्या आणि उबेला रॉकेलची बुखारी. थंडीइतकीच भीती बंद जागेत कोंडणाऱ्या तिच्या विषारी वायूची. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्याला जागच येत नाही.

हे वाचलं आणि मला आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवली. पोंभुर्ण्यात पौषातला गारठा काय असतो, ठाऊक आहेच. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या गच्च! हाच वायू कोळशातूनही निघतो, बरं का. तेव्हा शेक द्यायचा तो दार उघडं ठेवून, जागेपणी. निजायच्या आधी शेगडी अंगणात काढावी, राख धरलेले निखारेसुद्धा खोलीत नकोत. कुणाचं डोकं जड झालं, मळमळू लागलं, तर दृष्ट काढत बसू नका. आधी बाळ-बाळंतिणीला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा.