शब्द उचलून ठेवताना

बालाघाटसारख्या गावी मराठी घरांतील मुलांची एक फसगत आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. शाळेत हिंदी आणि घरी मराठी. त्यामुळे दोन्ही भाषांत एकच रूप असलेला शब्द समोर आला, की मुले गोंधळतात. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ हिंदीत जग, आपल्याकडे मुख्यतः घरप्रपंच.

रविवारी शेजारपाजारची काही मुले आमच्या ओसरीवर मराठी वाचावयास बसतात. हे शब्द त्यांच्यापुढे खेळाच्या रूपाने मांडावेत, असे गेल्या उन्हाळ्यात आमच्या मनात आले. संगणक शिकलेल्या आमच्या चिरंजीवांनी त्यासाठी एक वेबपान रचून दिले. डावीकडे शब्दांच्या पाट्या, उजवीकडे अर्थांचे कप्पे. माउसने पाटी धरावी, ओढीत न्यावी आणि योग्य कप्प्यात सोडावी.

यामागील रचना त्यांनी आम्हांस समजावून दिली, ती वाचकांनाही रुचेल. ओढून सोडण्याची ही रीत १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकामुळे सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली. वेबपानांवरील आजची व्यवस्था १९९९ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधील पद्धतीवरून घडली. पाटीच्या वर्णनात ‘ड्रॅगेबल’ हा गुण लिहिला, की ती उचलता येते. उचलताच तिची ओळख जणू एका अदृश्य थैलीत ठेवली जाते; कप्प्याने ती थैली उघडावी आणि पाटी ठेवून घ्यावी. मात्र पानाचा मूळ स्वभाव नकाराचा आहे. आलेली वस्तू स्वीकारू नये, हाच त्याचा नित्यनियम. पाटी कप्प्यावर आली असतानाच ‘हा नियम येथे लागू नाही’ असे आज्ञावलीत स्पष्ट सांगावे लागते. नवशिके नेमके हेच विसरतात, आणि सोडलेली पाटी मुकाट्याने मूळ जागी परतते.

पहिल्या रविवारी मुले खेळात रंगून गेली. एक मुलगी मात्र मागेच बसून राहिली. वाचनात ती सर्वांत पुढे. परंतु लहानपणच्या आजाराने तिच्या उजव्या हाताची बोटे आखडलेली. आम्ही आग्रहाने तिला पुढे बोलावले. डाव्या हाताने तिने पाटी धरली. अर्ध्या वाटेत माउसची कळ सुटली आणि पाटी परत गेली. असे तीनदा झाले. मुले हसली नाहीत, पण गप्प झाली. “सर, उत्तर येतं मला,” ती म्हणाली, “पण धरून ठेवता येत नाही.”

इतकी वर्षे आम्ही मुलांच्या परीक्षा घेत आलो. आपण ज्ञान तपासतो की हाताचे बळ, हा प्रश्न तोवर आमच्या मनाला शिवला नव्हता.

रात्री चिरंजीवांना हकीकत सांगितली. “बाबा, चूक माझीच,” ते म्हणाले. वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुगम्यतेची जी नवी आवृत्ती प्रसिद्ध केली, तीत याविषयी स्वतंत्र कलम आहे: ओढण्यावाचून अडणारच असे काम वगळता, ओढून होणारे प्रत्येक काम न ओढताही साध्या टिचकीने करता आले पाहिजे. शिवाय अनेक मोबाइलवर बोट ओढले, की पाटी न हलता सबंध पानच सरकते. म्हणजे अडचण त्या एका मुलीपुरतीही नव्हती.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. पाटीवर एक टिचकी मारून ती निवडावी, कप्प्यावर दुसरी मारून ठेवावी. कळफलकाच्या टॅबने पाटीपर्यंत जावे आणि एंटरने ती उचलावी. ओढण्याची मौज ज्यांना हवी, त्यांच्यासाठी तीही राहिली.

पुढच्या रविवारी त्या मुलीने सारे कप्पे भरले. ‘शिक्षा’ची पाटी तिने न चुकता ‘दंड’ या अर्थापुढे ठेवली. आदल्या रविवारी आम्ही शिक्षण समजून तिला जे दिले होते, तेही शिक्षाच होते, फक्त मराठीतील.

आपल्यापैकी कोणी मुलांसाठी असे पान रचले, तर आमची एवढीच विनंती: मुलांपुढे ठेवण्याआधी एकदा माउस बाजूला सारून ते पान स्वतः चालवून पाहावे.