लॅपटॉप चालेल, मुक्काम नको

‘कॉफी शॉप म्हणजे ऑफिस नव्हे, लॅपटॉपवाल्यांना तिथे थारा देऊ नये,’ असा सूर आता भिवंडीतही ऐकू येतो. मला तो मुळीच मान्य नाही. सुताचे आणि ग्रे कापडाचे सौदे दलालांनी चहाच्या हॉटेलात बसून ठरवायचे, ही या गावाची जुनी रीत. लंडनची लॉइड्स ही विम्याची बाजारपेठसुद्धा सतराव्या शतकात एडवर्ड लॉइडच्या कॉफी हाउसातूनच उभी राहिली. चहा-कॉफीच्या टेबलावर काम होणं यात नवं काही नाही आणि गैर तर नाहीच.

शिवाय इथल्या माणसाने बसायचं कुठे? कितीतरी वस्त्यांत घर आणि यंत्रमाग यांच्यामध्ये एकच भिंत असते. माग चालू झाले की फोनवर पलीकडचा काय म्हणतोय ते कळत नाही. गोदामाची ई-वे बिलं काढणारा, २० तारखेच्या आत जीएसटीचं विवरण भरायची घाई असलेला हिशेबनीस, परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, सगळ्यांची हीच अडचण. मुलींची तर त्याहून मोठी. चहाच्या हॉटेलात एकट्या मुलीने तासभर निवांत बसावं, अशी सोय आपण कधी केलीच नाही. कॉफी शॉपात ती बसते, काम उरकते, कोणी हटकत नाही. तिची ही जागा काढून घ्यायला माझा ठाम विरोध आहे.

पण ‘पैसे मोजलेत, हवा तेवढा वेळ बसेन’ हा दावाही तितकाच खोटा. त्याच्या पुष्ट्यर्थ हमखास इराण्याच्या हॉटेलाचा दाखला देतात. तिथे एका चहावर दिवस जायचा म्हणे! मुंबईतल्या अनेक इराण्यांच्या जागा जुन्या पागडीच्या, भाडं नाममात्र, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि तिथेही सगळं माफ नव्हतंच. फार वेळ बसायला मनाई करणाऱ्या इराणी पाट्यांवर तर निस्सीम इझिकेल यांनी कविता लिहिली. आजच्या कॉफीवाल्याला भाडं, एसी, व्यापारी दराची वीज आणि पोरांचे पगार सगळं त्याच कपातून काढायचं असतं.

तेव्हा बसावं, पण रीतीने. एकट्याने चौघांचं टेबल अडवू नये आणि शेजारच्या खुर्चीवर बॅग ठेवू नये. चार्जरची वायर वाटेत आडवी सोडली की ट्रे घेऊन येणारा पोरगा आधी पाय उचलतो, मग कप सावरतो. गरम कॉफी सांडली तर भाजणार तोच. फोन स्पीकरवर ठेवून पार्टीचा जीएसटी नंबर आणि ओटीपी मोठ्याने वाचणं हा तर पार्टीचाही विश्वासघात आहे. तासाभराने काहीतरी मागवावं. संध्याकाळी कुटुंबं मुलाबाळांना घेऊन दारात उभी दिसली की कोणी सांगायची वाट न पाहता लॅपटॉप मिटावा.

मालकांनीही गर्दीची वेळ आणि बसण्याची मर्यादा पाटीवर स्वच्छ मराठी-हिंदी-उर्दूत लिहावी. गिऱ्हाइकाला उठवायचं काम वेटरवर ढकलू नये. सगळ्यात कमी पगार त्याचा, आणि बोलणी दोन्हीकडून त्यालाच खावी लागतात.