वकीलसाहेब, निकाल वाचलात का?

“भाईजान, कोर्टात नफका मागितला तर गुनाह लागेल का?” मोहल्ल्यातल्या एका बाईने मला हे विचारलं. तलाक होऊन सात महिने झालेले, पदरात दोन मुलं. भावाने तिला एका वकिलाचा व्हिडिओ पाठवला होता. काळा कोट, मागे जाड पुस्तकांचं कपाट, खाली मोबाइल नंबर. विषय सर्वोच्च न्यायालयाच्या 10 जुलै 2024 च्या निकालाचा, आणि सांगणं एवढंच की शरियतवर आणखी एक हल्ला झाला. त्या रात्री मी दुसऱ्या बाजूचे वकीलही ऐकले. ते खुशीत होते. शरिया संपला, मुस्लिम बाईला पहिल्यांदाच न्याय मिळाला वगैरे.

दोघांनीही निकाल वाचलेला दिसत नाही. वाचून असं बोलत असतील तर ते जास्त वाईट.

त्या निकालात ‘पहिल्यांदाच’ असं काही नव्हतं. शाहबानोला कलम 125 खालीच पोटगी मिळाली होती, 1985 मध्ये. मग 1986 चा कायदा आला. 2001 मध्ये दानियल लतीफी खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो कायदा वैध ठरवला, पण तलाकशुदा बाईच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतच्या मुदतीतच करायची, असा त्याचा अर्थ लावला. 2024 मध्ये तेलंगणातल्या एका नवऱ्याचं म्हणणं होतं की 1986 चा कायदा असताना 125 लागूच होत नाही. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती मसीह यांनी ते फेटाळलं. दोन्ही वाटा बाईला खुल्या आहेत, बस्स. यात हल्ला कुठे आणि क्रांती कुठे?

तिहेरी तलाकचंही तेच. या लोकांचं कॅलेंडर 22 ऑगस्ट 2017 पासून सुरू होतं. आपल्याच औरंगाबाद खंडपीठात 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं होतं की ‘मी तलाक दिला’ असं नवऱ्याने कोर्टात लिहून दिलं म्हणून तलाक होत नाही. कारण काय होतं, समेटाचा प्रयत्न झाला का, हे त्याने सिद्ध करावं लागतं. मराठवाड्यातल्या किती बायांना हे कुणी सांगितलं? त्यात ना जल्लोष आहे ना मातम, मग व्हिडिओ कोण बघणार!

वकिलांनी गप्प बसावं असं मी म्हणत नाही. घटनापीठांची सुनावणी 2022 पासून घरबसल्या दिसते, पण तिथली भाषा सामान्य माणसाला कळत नाही. समजावणारा हवाच. मात्र वकिलाने जाहिरात करू नये, असा बार कौन्सिलचा नियम 36 सांगतो, आणि इथे तर शरियत खतऱ्यात आहे म्हणत खाली नंबर फिरतोय. ही जाहिरात नाही तर काय? आमच्या जमातीचे म्हणवणारे वकील यात मागे नाहीत, म्हणून जास्त चीड येते. (असे व्हिडिओ मीही कधीकाळी न बघता पुढे ढकललेत, हेही कबूल.)

त्या बाईला तेवढ्या वेळात काय सांगता आलं असतं! 125 च्या जागी आता नव्या संहितेचं कलम 144 आहे. अर्ज ती राहते तिथल्या कोर्टात करता येतो, नवऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढायचा असतो. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने दोघांनाही आपली कमाई आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगणं भाग पाडलंय, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितलंय. म्हणजे ‘हल्ला’ ऐकण्यात गेलेला प्रत्येक महिना तिच्या खात्यातून वजा. वकिलाची फी नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

हा नंबर तुमच्या व्हिडिओखाली कधी दिसला नाही, वकीलसाहेब.